मुक्त बाजार आणि बेपत्ता उद्योजक

मराठीत ‘तुला काही उद्योग नाही का?’ हा प्रश्न हिणवण्यासाठी विचारतात, आणि ‘नसते उद्योग करू नकोस’ ही दटावणी असते. म्हणजे उद्योग नसणेही वाईट आणि असणेही. ‘धंदा’ या शब्दाची गत याहून हलाखीची. ‘धंदेवाईक’ म्हणजे हिणकस, ‘बाजारू’ म्हणजे विकाऊ, आणि एखाद्या बुवाने ‘दुकान मांडले’ असे म्हटले की त्याच्या ढोंगाविषयी आणखी काही सांगावे लागत नाही. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण पाठ केली खरी, पण निदान पांढरपेशा वर्गाने ती उलट्या क्रमाने आचरणात आणली. अशा भाषिक खुणांवरून समाजाच्या स्वभावाविषयी घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, आणि ‘मराठी माणूस धंद्यात मागे का’ हा वर्षानुवर्षे चघळला गेलेला विषय पुन्हा काढण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा विचारांच्या इतिहासाचा आहे. खुल्या बाजाराचे शास्त्र मराठीत येऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. पण त्या बाजारात प्रत्यक्ष जोखीम घेणारा माणूस, ज्याला आज आपण उद्योजक म्हणतो, तो या शास्त्राबरोबर आला नाही. याचा सगळा दोष आपल्याकडे घेण्याचे कारण नाही. ज्या इंग्रजी ग्रंथांवरून आपण हे शास्त्र शिकलो, त्या ग्रंथांतच तो बेपत्ता होता.

मराठीतील आरंभीची अर्थशास्त्रीय पुस्तके अवघ्या सहा-सात वर्षांत निघाली. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे, हरी केशवजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे ‘देशव्यवहारव्यवस्था’ १८५४ चे, तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ चे. तीन पुस्तके आणि शास्त्राला तीन नावे! ‘पोलिटिकल इकॉनॉमी’ला काय म्हणावे हेच अजून ठरायचे होते. कृष्णशास्त्र्यांच्या पुस्तकाला आधार होता जॉन स्टुअर्ट मिलच्या ग्रंथाचा. तो लंडनमध्ये १८४८ साली निघाला होता, म्हणजे पुण्याला पोचायला त्याला फार वेळ लागला नाही. या ग्रंथात मिलने एका तळटीपेत एक खंत नोंदवलेली आहे. स्वतःच्या जबाबदारीवर धंदा उभा करणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत रुळलेला शब्द नाही, आणि फ्रेंच लेखकांजवळ मात्र तो आहे, अशी ती खंत. ‘अंडरटेकर’ हा शब्द अॅडम स्मिथने त्या अर्थी वापरला होता, पण इंग्रजी कानाला तो तसा परिचित राहिला नव्हता. (आज तर तो केवळ अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्याला लावतात.) ज्या भाषेतून आपण शास्त्र घेत होतो, तिलाच शब्द सापडत नव्हता, तर मराठीने तो कोठून आणावा?

फ्रेंचांजवळ तो शब्द होता याचे बरेचसे श्रेय एका आयरिश माणसाला जाते. रिचर्ड कँटिलन हा पॅरिसमधला सराफ. जॉन लॉ याने मिसिसिपी कंपनीच्या शेअरांचा जो प्रचंड फुगा १७१९-२० मध्ये फुगवला, त्यात वेळेवर शिरून वेळेवर बाहेर पडलेल्या मोजक्या लोकांपैकी तो एक. पुढे १७३४ मध्ये लंडनमधल्या त्याच्या घराला आग लागून तो गेला, आणि त्याचा व्यापाराच्या स्वरूपावरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १७५५ मध्ये, फ्रेंचमध्ये छापला गेला. या निबंधात त्याने समाजाची विभागणी श्रीमंत-गरीब अशी केली नाही. जमीनदार आणि राजा बाजूला ठेवले तर उरलेल्यांचे त्याने दोनच वर्ग मानले: ज्यांची मिळकत ठरलेली आहे ते, आणि ज्यांची ठरलेली नाही ते. दुसऱ्या वर्गाला तो ‘आंत्रप्रनर’ म्हणतो. ठाऊक असलेल्या किमतीला घ्यायचे आणि ठाऊक नसलेल्या किमतीला विकायचे, एवढीच त्याची व्याख्या. त्यामुळे रस्त्यावर पाणी विकणारा या वर्गात बसतो, आणि भिकारी व दरोडेखोरही बसतात, हे कँटिलन निर्विकारपणे सांगतो. मात्र त्याचे महत्त्वाचे उदाहरण शेतकऱ्याचे आहे. जमिनीचा खंड ठरलेला, मजुरी द्यावीच लागणार. पाऊस, पीक आणि भाव यांतले काहीच हातात नाही. तरी तो पेरतो. कँटिलनच्या लेखी हा उद्योजक होय.

या उद्योजकाला पाठ्यपुस्तकात जागा दिली ती जाँ-बातिस्त से याने. त्याचा ग्रंथ १८०३ चा. नेपोलियनला तो आपल्या धोरणाशी जुळवून हवा होता. से बधला नाही, तेव्हा त्याला पद गमवावे लागले, आणि ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघायला १८१४ साल उजाडले. मधल्या काळात से याने उत्तर फ्रान्समधील ओशी या गावी सूतगिरणी चालवली. अर्थशास्त्रज्ञाने सूतगिरणी चालवणे ही घटना तेव्हाही दुर्मीळ होती आणि आजही आहे. से याच्या मते जमीन, श्रम आणि भांडवल ही तिन्ही एकत्र आणून त्यातून काही निपजेल असा अंदाज बांधणारा माणूस या तिघांहून वेगळा, आणि त्याचा मोबदला भांडवलाच्या व्याजाहून वेगळा. इंग्रज लेखक या दोहोंची गल्लत करतात अशी त्याची तक्रार होती.

तक्रार रास्त होती. स्मिथचा १७७६ चा ग्रंथ खुल्या व्यापाराचा मूळ ग्रंथ मानला जातो, पण नव्या कल्पना घेऊन कर्ज काढणाऱ्या माणसाविषयी स्मिथला भरवसा नव्हता. अशा लोकांना तो ‘प्रोजेक्टर’ म्हणतो आणि उधळ्यांच्या पंक्तीला बसवतो. कायद्याने व्याजदरावर मर्यादा असावी, नाहीतर पैसा यांच्याच हाती जाईल, असे त्याचे मत. खुल्या बाजाराच्या आद्य पुरस्कर्त्याने पैशाच्या बाजारावर बंधन मागावे याचे जेरेमी बेंथमला आश्चर्य वाटले, आणि १७८७ मध्ये त्याने सावकारीच्या समर्थनार्थ पत्रांचे एक पुस्तकच लिहिले. आज जे काही उपयुक्त म्हणून रूढ आहे ते कधीतरी कोणाची तरी वेडगळ योजनाच होते, असा त्यातल्या स्मिथला उद्देशून लिहिलेल्या पत्राचा आशय. बेंथमचे फारसे कोणी ऐकले नाही. रिकार्डोच्या १८१७ च्या ग्रंथात जमीनदार, भांडवलदार आणि मजूर असे तीनच वर्ग उरले. भांडवल तेथे जणू आपणहून वाहते: नफा कमी तिथून निघते, जास्त तिथे जाते. ते कोण नेतो, नेताना त्याचे काय पणाला लागते, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये म्हटले की या शास्त्रातून उद्योजक काढून टाकणे म्हणजे हॅम्लेटच्या चर्चेतून डेन्मार्कच्या राजपुत्राला वगळण्यासारखे आहे. आपल्याकडे तर नाटक आले तेच राजपुत्राविना.

मात्र महाराष्ट्राने खुला बाजार पुस्तकात वाचून सोडून दिला असे झाले नाही. पुढच्या तीस वर्षांत तो अनुभवला, आणि अनुभव बरा नव्हता. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईत अक्षरशः सोन्याचा पाऊस पडला. बँका निघाल्या, बॅक बे भरून काढण्याच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर शेअर चढू-उतरू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि हा डोलारा कोसळला. (कँटिलनने पॅरिसमध्ये जे पाहिले त्याचीच ही मुंबई आवृत्ती, फक्त वेळेवर बाहेर पडणारे येथेही थोडेच निघाले.) कापसाच्या तेजीत दख्खनच्या शेतकऱ्याला सैल हाताने कर्ज मिळाले होते, भाव पडल्यावर कर्ज तेवढे राहिले, वर नव्या पाहणीने सारा वाढला. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून दंगे सुरू झाले आणि सावकारांचे रोखे चुलीत गेले. त्यानंतर वर्षभरात दुष्काळ. १८७६ ते ७८ या काळात व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने धान्याच्या खासगी व्यापारात हात घालायचा नाही हे तत्त्व म्हणून पाळले, आणि सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इथवर खाली आणली. सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने त्या काळात तालुक्यातालुक्यांतून माहिती जमवली. ती वाचणाऱ्याला बाजाराच्या अदृश्य नियमांविषयी आदर वाटणे कठीण होते.

त्यातच जकातीचे प्रकरण आले. मुंबईत कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा पाया १८५४ मध्ये घातला. विसेक वर्षांत गिरण्यांची रांग लागली. मँचेस्टरच्या दबावाखाली १८८२ मध्ये विलायती कापडावरची आयात जकात पूर्ण उठली. उत्पन्नाच्या गरजेपोटी १८९४ मध्ये ती परत बसवावी लागली, तेव्हा विलायती गिरण्यांना तोटा नको म्हणून १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरण्यांच्या कापडावर तितकाच अंतर्गत कर असा हिशेब जुळवण्यात आला. हा कर १९२५-२६ पर्यंत चालला. आपल्याच देशात आपल्याच कापडावर, केवळ परक्याशी ‘समान’ स्पर्धा व्हावी म्हणून, कर! खुल्या व्यापाराचा अर्थ सामान्य मराठी वाचकाने असा शिकला. त्याला या शब्दाविषयी आजही जो संशय वाटतो, त्याची मुळे समाजवादात शोधण्याआधी येथे शोधली पाहिजेत.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ‘हिंदी अर्थशास्त्र’ या विषयावर जे व्याख्यान दिले त्याची ही पार्श्वभूमी होती. इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत देशकालनिरपेक्ष नाहीत. ते ज्या माणसावर उभे आहेत तो स्वार्थ ओळखून मुक्तपणे वावरणारा माणूस येथे जवळजवळ सापडतच नाही. येथे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात प्रबळ, करारापेक्षा परिस्थिती प्रबळ, असे त्यांचे प्रतिपादन. जर्मन ऐतिहासिक संप्रदायाचा आणि फ्रीडरिक लिस्टचा त्यांचा अभ्यास त्यात दिसतो. टीका म्हणून हे व्याख्यान अजूनही ताजे वाटते. पण रानड्यांचे सगळे म्हणणे मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. रिकार्डोचा काल्पनिक माणूस येथे नाही हे ठीक. मग कारखाने काढणार कोण? रानड्यांचे उत्तर पुष्कळसे ‘सरकार’ असे आहे. सरकारने मार्गदर्शक व्हावे, भांडवल पुरवावे, पहिली पावले टाकावीत. या ओघात त्यांनी १८९० मध्ये जावा बेटातील डच सरकारच्या ‘कल्चर सिस्टीम’ची वाखाणणी केली. ही पद्धत म्हणजे शेतकऱ्यांकडून सक्तीने निर्यातीची पिके काढून घेणे, आणि तिची काळी बाजू मुल्तातुली या टोपणनावाच्या डच लेखकाने १८६० मध्येच ‘माक्स हाफेलार’ या कादंबरीत चव्हाट्यावर आणली होती. रानड्यांसारख्या सावध विचारवंताला त्या पद्धतीत सक्तीपेक्षा उत्पादनाचे आकडे मोठे दिसावेत, हे मला त्यांच्या अर्थविचारातले सर्वांत खटकणारे स्थळ वाटते. अर्थात ते केवळ सरकारवर विसंबून राहिले नाहीत. त्याच वर्षी पुण्यात औद्योगिक परिषद भरवण्यात त्यांचा पुढाकार होता, हेही विसरता कामा नये. मात्र परिषद म्हणजे प्रदर्शने, ठराव आणि निबंध. उद्योजक हा निबंधांतून घडत नाही, हे कळण्याइतका अनुभव अजून कोणाच्या गाठी नव्हता.

तो अनुभव गाठी बांधणारा माणूस त्याच वेळी मुंबईत यांत्रिक रेखाटन शिकवीत होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) जे. जे. कलाशाळेत शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते: धाकटा मुंबईहून माल पाठवी, थोरले रामुअण्णा विकीत. पुढे हक्काची बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. सायकलींपासून कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि तेथून लोखंडी नांगराकडे ते वळले. हा नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हता; लोखंडाने जमीन नासते असा समज होता, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात.

या दोन वर्षांचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा? रिकार्डोच्या अर्थशास्त्रात त्याला खाते नाही. मागणी नाही, म्हणून माल नाही, येथे विषय संपतो. रानड्यांच्या अर्थशास्त्रात रूढी हे कारण नोंदवता येते, पण रूढीशी घासाघीस करीत उभा असलेला विक्रेता तेथेही दिसत नाही. कँटिलनला मात्र हा माणूस लगेच ओळखू आला असता. लोखंडाचा भाव ठाऊक, कारागिरांची मजुरी ठाऊक, नांगराची किंमत येणार की नाही ते अज्ञात. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये असा भेद केला की ज्या धोक्याची शक्यता मोजता येते त्याचा विमा उतरवता येतो, आणि जी अनिश्चितता मोजताच येत नाही तीच नफ्याची जननी असते. शेतकऱ्याचे मन लोखंडाकडे कधी वळेल, याचा विमा कोणती कंपनी उतरवणार होती?

त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा मागितली. हातात यंत्रे, डोक्यावर देणे आणि जागा नाही, अशा अवस्थेत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल स्टेशनाजवळची बत्तीस एकर माळजमीन त्यांनी दिली, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. निवडुंग आणि नाग यांखेरीज तेथे काही नव्हते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. मुक्त बाजाराच्या कट्टर पुरस्कर्त्याला ही कथा अडचणीची आहे, कारण संकटात धावून आले ते राजाचे औदार्य. भांडवलाचा बाजार तेथे नव्हताच. सरकारवाद्यालाही ती तितकीच अडचणीची, कारण बाळासाहेबांनी पैसे एखाद्या योजनेखाली दिले नाहीत, ओळखीच्या आणि पारखलेल्या एका माणसावर लावले. पुढे त्याच संस्थानात, कऱ्हाडजवळ, ओगल्यांचा काचकारखाना उभा राहिला आणि ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेले. या ओगल्यांनी काचेचे काम केले होते तळेगावच्या पैसा फंडाच्या कारखान्यात, जो अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार एकेक पैसा जमवून उभ्या केलेल्या निधीतून १९०८ मध्ये निघाला होता. एका ठिकाणी राजाचे दहा हजार, दुसऱ्या ठिकाणी लोकांचा एकेक पैसा. भांडवल कोठून आले हे दुय्यम ठरले. त्याचे काय करायचे हे ठाऊक असलेला माणूस दोन्हीकडे लागला.

आपल्याकडे कुंडलच्या माळावर निवडुंग तोडला जात होता त्याच सुमारास, ऑस्ट्रियन साम्राज्याच्या पूर्व टोकाला चेर्नोविट्झ नावाच्या गावात, योझेफ शुंपेटर हा तरुण प्राध्यापक अशा माणसाचा सिद्धांत लिहीत होता. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात उद्योजक म्हणजे असलेल्या साधनांची नवी जुळणी करणारा. तो भांडवलदार असेलच असे नाही, संशोधकही असेलच असे नाही. जुन्या घडीला धक्का देणे हे त्याचे काम. हा ग्रंथ इंग्रजीत यायला १९३४ साल उजाडले. तोवर आपल्या महाविद्यालयांतून आल्फ्रेड मार्शलचे राज्य सुरू झाले होते. मार्शलने जमीन, श्रम, भांडवल यांच्या जोडीला ‘ऑर्गनायझेशन’ला महत्त्व दिले, आणि मराठी पाठ्यपुस्तकांत ते ‘संयोजन’ म्हणून उतरले. ते करणारा तो ‘संयोजक’. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ‘उत्पादनाचे चार घटक’ घोकले. संयोजक हा शब्द आता आपण चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर छापतो, आणि ते योग्यच आहे, कारण त्या शब्दात खुर्च्या मांडण्याची जबाबदारी आहे, बुडण्याची भीती नाही. ‘उद्योजक’ हा शब्द सर्रास झाला तो फार पुढे. राज्यात महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले तेही १९८८ मध्ये.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. नांगराच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे मासिक केले, पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ही काढले. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांना बुद्धिवाद, विज्ञाननिष्ठा आणि स्त्रीशिक्षण यांचे वळण लावणारी ही मासिके. वाङ्मयेतिहासात त्यांचा गौरव होतो, पण ती एका कारखानदारीच्या पोटी जन्मली ही बाब तळटीपेत जाते. शंकररावांच्या ‘शंवाकीय’ या आत्मचरित्राची नोंद आपण संपादकाचे आत्मचरित्र म्हणून घेतो. ते एका विक्रेत्याचेही आत्मचरित्र म्हणून वाचायला हवे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणखी एक विसंगती घडली. १९४४ च्या जानेवारीत टाटा, बिर्ला, कस्तुरभाई लालभाई, पुरुषोत्तमदास ठाकुरदास प्रभृती आठ जणांनी पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये खर्चाची ‘मुंबई योजना’ मांडली, आणि तीत सरकारी नियोजनाला आणि नियंत्रणाला मान्यता दिली. जकातीचा तो जुना अनुभव ताजा होता. भारतीय कारखानदाराला मुक्त व्यापार नको होता, आपले सरकार हवे होते. आपले सरकार आले. १९५१ च्या उद्योग अधिनियमाने नवा कारखाना काढायला, असलेला वाढवायला परवाना लागू लागला. मुंबई योजनेवर सही करणाऱ्यांपैकी ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ स्थापून मोहरा फिरवला. त्याच्या आदल्या वर्षी बी. आर. शेणॉय यांनी दुसऱ्या योजनेच्या अर्थतज्ज्ञ मंडळात एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली होती. १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष निघाला. पण ही सारी चर्चा मुख्यतः इंग्रजीत आणि मुंबईच्या फोर्ट भागात झाली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव परवाना पद्धतीवर आयुष्यभर टीका करीत राहिले, आणि त्यांच्या आत्मकथनाचे नावही ‘कॅक्टस अँड रोझेस’ असे इंग्रजीच.

ग्रामीण महाराष्ट्राने मात्र उद्योजकाला वेगळ्या नावाने घरात घेतले. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग जमवून प्रवरेचा साखर कारखाना उभा केला. धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. १९५० च्या सुमारास गाळप सुरू झाले. विखे पाटलांनी जे केले ते शुंपेटरच्या व्याख्येत चपखल बसते, पण ‘सहकारमहर्षी’ ही पदवी मिळाल्यामुळे ते उद्योजक होते हे म्हणायची सोय राहिली नाही. व्यापाराला महर्षीचे वस्त्र नेसवल्याखेरीज आपल्याला तो पवित्र वाटत नाही. त्या वस्त्राखाली पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे: १९८४ च्या आदेशाने कारखान्यांची क्षेत्रे राखीव झाली आणि शेतकऱ्याने ऊस कोणाला घालायचा हे सरकारने ठरवले. कापसाच्या बाबतीत हे आधीच, १९७२ च्या हंगामापासून, एकाधिकार खरेदी योजनेने घडले होते.

या टप्प्यावर शरद जोशी (१९३५-२०१५) आले. टपालसेवेतून स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत गेलेला हा अधिकारी १९७७ मध्ये परतला आणि चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागला. १९८० मध्ये चाकणचे कांदा आंदोलन झाले. जोशींचा युक्तिवाद मोडणे सोपे नव्हते: शेतकरी गरीब आहे तो आळशी किंवा अडाणी म्हणून नव्हे, निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी यांनी त्याच्या मालाचा भाव मुद्दाम पाडला जातो, आणि सबसिडीच्या नावाने त्याला मिळते त्याहून जास्त त्याच्याकडून काढून घेतले जाते. ‘उणे सबसिडी’ हा शब्द त्यांनी रुळवला. त्यांच्या विचारात एक ताण अखेरपर्यंत राहिला. उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव ही मागणी आणि बाजार खुला करा ही मागणी, या दोन एकमेकींत सहज मिसळत नाहीत. रास्त भाव कोणी द्यायचा, हा प्रश्न पहिलीत उरतोच. १९९१ नंतर त्यांनी दुसऱ्या मागणीवर भर दिला, डंकेल प्रस्तावाचे जाहीर समर्थन केले, आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. निवडणुकीत तो चालला नाही. पण लेव्हीविरुद्ध रस्त्यावर बसलेल्या लाखभर शेतकऱ्यांशी मराठीत खुल्या बाजाराविषयी बोलणारा माणूस त्याआधी झाला नव्हता. त्यांच्या भाषणांत शेतकरी हा दयेचा विषय नसून जोखीम घेणारा धंदेवाला होता. कँटिलनचा निबंध अडीचशे वर्षांचा वळसा घेऊन जणू चाकणच्या बाजारात पोचला.

तो तेथे अजून वादात आहे. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, पण चाळीस टक्के शुल्क आणि टनामागे ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत लावून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत गेली आणि शुल्क वीस टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. म्हणजे २०२३ च्या डिसेंबरात नाशिक जिल्ह्यात ज्याने उन्हाळी कांद्याची रोपे लावली, त्याला एप्रिलमध्ये कांदा काढताना ठरवायचे होते की तो लगेच लासलगावला न्यायचा की चाळीत भरून पावसाळ्यापर्यंत थांबायचे. त्यासाठी त्याला सडीचा अंदाज बांधायचा होता, भावाचा बांधायचा होता, आणि दिल्लीहून निघणाऱ्या पुढच्या अधिसूचनेचाही.